लेबर रेट की विथ मटेरियल? प्लॉट कर्जतला, नोकरी मुंबईत

एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन झाला, सातबारावर नाव चढलं, आर्किटेक्टने प्लॅनही मंजूर करून आणला. बदलापूर-नेरळ-कर्जत पट्ट्यात बंगला बांधू पाहणाऱ्या मुंबईकराची गाडी यानंतर एका प्रश्नापाशी अडते. कंत्राटदाराला फक्त मजुरी देऊन सिमेंट, सळई, रेती आपण आणायची, की मालासकट सगळं त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं? नात्यात दोन्ही पक्षांचे लोक असतात आणि दोघेही ठासून बोलतात. ‘विथ मटेरियल म्हणजे निव्वळ लूट’ म्हणणारे काका बहुधा रिटायर होऊन गावीच राहिलेले असतात, एवढं फक्त ध्यानात ठेवावं.

लेबर रेटची पहिली बाजू कराची. एकट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटावर जीएसटी माफ आहे. तेच काम मालासकट दिलं की नोंदणी असलेला कंत्राटदार पूर्ण बिलावर 18 टक्के लावतो, आणि कोटेशनमध्ये ते ‘जीएसटी एक्स्ट्रा’ असं तळाशी बारीक अक्षरात असतं. पण म्हणून 18 टक्के सगळेच्या सगळे वाचले, असं नाही. सळईवर 18 टक्के दुकानात तुम्ही भरताच. सिमेंटवरही 22 सप्टेंबर 2025 पासून 28 ऐवजी 18 आहेत. वाचतो तो मुख्यतः मजुरीवरचा आणि कंत्राटदाराच्या नफ्यावरचा कर.

दुसरी बाजू अशी की माल डोळ्यांसमोर येतो. फक्त तिथे डोळे असायला हवेत. रेतीचा ट्रक सकाळी आठच्या आत येतो. चलनावर तीन ब्रास लिहिलेलं असतं, आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट. हौद्याची आतली लांबी-रुंदी टेपने मापायची, मग सळईचा तुकडा चार-पाच ठिकाणी तळापर्यंत खुपसून खोली बघायची, कारण ढीग मधोमध असतो आणि कोपरे रिकामे. रेती दमट असेल तर फुगते, कधी कधी पाव हिश्श्यापर्यंत जास्त भरते. मूठ दाबून ओल बघितल्याशिवाय चलनावर सही करायची नाही. सळईचंही तसंच. 12 एमएमची 12 मीटरची सळई हिशोबाने 10.66 किलो भरते, आणि या जाडीत बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) 5 टक्के कमी-जास्त चालवून घेतलं आहे. वजनकाट्याची पावती घ्या, नग मोजा, भागाकार करा. उत्तर 10.1 किलोच्या खाली आलं तर गाडी परत पाठवा.

हे सगळं कामाच्या दिवशी, सकाळी. त्या वेळी तुम्ही लोकलमध्ये उलट्या दिशेने लटकलेले असता. रविवारी जाऊ म्हणावं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, आणि गवंडीही सुट्टीवर.

शिवाय लेबर रेटवाल्याला सिमेंट फुकट असतं. संध्याकाळी उरलेला माल तो घमेल्यासकट कडेला पालथा करणार, सळई बांधणारा फिटर प्रत्येक रिंग नव्या सळईतून कापणार आणि तुकडे भंगारात जाणार. उद्या स्लॅब गळला तर ‘माल तुमचा होता, साहेब’ हे उत्तर तयार. विथ मटेरियलमध्ये उलटा लोभ. गोणी वाचली की त्याचा खिसा भरतो. पण निदान दोष कोणाचा यावर वाद होत नाही.

बँकेचं कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते आणि तेही काम झाल्यावर. लेबर रेटमध्ये सळई-सिमेंटचे पैसे त्याआधी लागतात, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून.

माझं मत सरळ आहे. साइटवर रोज उभं राहणारं घरचं माणूस असेल तर लेबर रेट. नसेल तर विथ मटेरियल, पण चौरस फुटाच्या दराने मुळीच नाही. मालापेक्षा खरी मेख या दरातच आहे. चौरस फुटाचा आकडा ऐकायला सोपा असतो, पण सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड, उताराच्या प्लॉटवर उंच उचलावा लागणारा प्लिंथ म्हणजे जोतं, यातलं काय त्यात धरलंय हे काम निम्म्यावर आल्यावर कळतं. मग एक्स्ट्राची यादी सुरू. त्यापेक्षा आयटम रेट घ्या. खोदाई आणि काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, प्लास्टर चौरस मीटरवर. सळईचे पैसे किलोवर मिळणार असतील तर कंत्राटदार ती चोरून कमी टाकत नाही. जास्त टाकायचा मोह होतो, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईचं पूर्ण शेड्यूल, म्हणजे कुठे किती सळई याची यादी, आधीच करून घ्यायचं आणि बिल त्यावरच पास करायचं. सिमेंटचा ग्रेड आणि सळईचा दर्जा, उदाहरणार्थ एफई 500डी, करारात लिहायचा. ‘चांगल्या कंपनीचं’ या शब्दांना अर्थ नाही.

लाद्या, नळ, वायर, पंखे मात्र स्वतः घ्या. ही खरेदी ऑफिस सुटल्यावर होते. वायर-स्विचसाठी लोहार चाळ आहेच.

विथ मटेरियल दिलं तरी स्लॅबच्या दिवशी रजा टाकावीच. काँक्रीट ओतण्याआधी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे, आहेत का ते वाकून बघा. सळईबाहेर काँक्रीटचा थर स्लॅबला 20, कॉलमला 40, फूटिंगला (पायाला) 50 मिलिमीटर हवा. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर चालू स्थितीत आहे का, आणि बंद पडला तर दुसरा आहे का, तेही विचारा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारायला हवं. कर्जतला एप्रिलमध्ये बोअर आटली तर टँकर कोणाच्या पैशाने, हे करारात आधीच लिहा. भांडणं बहुतेक अशाच फुटकळ गोष्टींवरून होतात.

प्रत्येक बिलातून 5 टक्के राखून ठेवायचे आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडायचे. टेरेसचा कोबा आणि खिडक्यांच्या कडा जुलैच्या पावसातच खरं काय ते सांगतात. या अटीवर कंत्राटदार घासाघीस करेल, चार महिन्यांवर आणू पाहील. बाकीच्या दरात त्याला थोडं सोडा, इथे नाही.