माल चांगला, डिलिव्हरी चांगली, पण पोरांना पगारच नाही: ५ पैकी २ स्टार

सांगलीत विश्रामबागेतलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, वॉशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं तर ज्याच्याशी बोललो त्या पोराच्याच अंगावर येईल.

आधी चांगलं सांगतो. रेट ऑनलाइनच्या बरोबरीनं लावला, डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी, जिन्यावरून मशीन वर चढवायला जादा पैसे मागितले नाहीत. मशीन पण व्यवस्थित चाललंय.

आता बाकीचं. पितृपंधरवड्यात गेलो होतो त्यामुळं दुकान रिकामं, आत पाय टाकला तर तीन-चार पोरं एकदम धावत आली आणि एकानं बाकीच्यांना मागं सारून आम्हाला पकडलंच. बायकोला टॉप लोड पाहिजे होतं, पोरगं फ्रंट लोडसमोरून हलेना, आमच्याकडं बोअरचं पाणी आहे क्षार लय आहे सांगितलं तरी तेच. मग एक्स्टेंडेड वॉरंटी, मग स्टँड, मग कव्हर, मग नळाला लावायचा फिल्टर, नाही म्हणून म्हणून तोंड दुखलं. बायको वैतागून बाहेर जाऊन उभी राहिली.

बिल झाल्यावर त्यानं खिशातनं छोटी वही काढली आणि बिल नंबर, मॉडेल आणि वॉरंटीपुढं फुली असं लिहून घेतलं. विचारलं तर म्हणाला साहेब आमचं सगळं या कमिशनवरच असतंय, फिक्स पगार काय नाही. त्या पानावर वरच्या सगळ्या तारखांपुढं नुसत्या आडव्या रेघा होत्या, म्हणजे त्या दिवशी विक्रीच नाही. सकाळी १० ते रात्री ९ उभा आणि हातात रेघ.

मी कुपवाड एमआयडीसीत पेरोलचं काम करतो त्यामुळं गप्प बसवेना, काउंटरवर मालकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो दिवाळीला एकेक पोरगं पगारापेक्षा जास्त घेऊन जातंय, आणि सगळे सही करून आलेत." दिवाळीला नेत असेल हो, पण पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढायला लागली की सांगलीत नवा फ्रीज घ्यायला कोण जातंय, लोक आहे तो फ्रीज वर चढवायच्या मागं असतात. त्या महिन्यात पोरानं काय खायचं?

आणि सहीचं म्हणाल तर किमान वेतन सोडून दिलं असं लिहून घेतलेला कागद कायद्यात चालत नाही, १९४८ च्या कायद्यात चालत नव्हता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पण नाही. कमिशन द्या ना, कोण नको म्हणतंय, पण महिन्याचा हिशोब किमान वेतनाच्या खाली गेला तर फरक मालकानं भरायचा. गिऱ्हाईक आलं नाही हा पोराचा दोष नाही, तो कामाला हजर होता आणि मालकाकडंच काम नव्हतं तर दिवस पूर्ण धरावा लागतो. एलआयसी एजंटचं वेगळं, तो आपल्या सवडीनं फिरतो, इथं मात्र शिफ्ट ठरलेली, दुकानाचा टीशर्ट, सुट्टीला मालकाची परवानगी, मग तो कामगार नाही तर कोण? १९८२ च्या एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तर किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच असं सांगितलंय. हे मालकांना सांगितलं तर त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

अशा दुकानात काम करणारं कोणी वाचत असेल तर हजेरीचे फोटो, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे टार्गेटचे मेसेज, असली वही, सगळं जपून ठेवा. सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात आधी चौकशी करा, आपल्या झोनचा (किमान वेतन भागानुसार ठरतं) आत्ताचा रेट विचारून घ्या कारण महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आधी दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं, तुमचं नाही. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही, म्हणून तीन-चार जणांनी मिळून गेलेलं बरं.

गिऱ्हाईक म्हणून जाणार असाल तर मॉडेल घरूनच ठरवून जा, आणि पोरगं मागं लागलं तर त्याच्यावर खेकसू नका. ज्यानं माल दाखवला त्याचंच नाव बिलावर येतंय ना तेवढं बघा, आमच्यासमोर काउंटरवाल्यानं दुसऱ्याचंच नाव टाकलं होतं, सांगितल्यावर बदललं. एक्स्टेंडेड वॉरंटी आम्ही घेतली नाही.