एकाच नंबरचे दोन माइक

जानेवारी २०२५ मध्ये मी ५४ हजार रुपये मोजून एक जुना सेनहायझर एमकेएच ४१६ माइक विकत घेतला. तो नकली निघाला. हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही कोकणात, मध्यरात्री, शूटिंग चालू असताना. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या रात्री जे रेकॉर्ड व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते आता कितीही पैसे ओतले तरी परत येणार नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लोकेशन साउंडमध्ये नव्याने आलेली, भाड्याच्या किटवर कामं करत स्वतःचा एकेक नग जमवणारी बरीच मुलंमुली सध्या जुना माल शोधत असतात. त्यांनी तरी हे वाचावं.

या कामाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. फोर-सिक्स्टीन, म्हणजे हाच ४१६, हा बूमच्या, म्हणजे लांब दांडीच्या, टोकाला लावायचा शॉटगन माइक. २५ सेंटीमीटर लांब, १९ मिलिमीटर जाड, काळी नळी, अंगावर ओळीने खाचा. सत्तरच्या दशकापासून जगभरच्या सेटवर तो चालत आलाय. ज्याच्याकडे तोंड कराल त्याचा आवाज उचलतो, बाजूचा बराचसा सोडून देतो. पण आपल्याकडे त्याला जो मान आहे तो दमट हवेमुळे. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, विजेचा भार धरून ठेवलेला असतो. ओलावा आत शिरला की तो भार झिरपायला लागतो आणि आवाजात चुरचुर येते. एमकेएच मालिकेची रचनाच वेगळी आहे. तिथे कॅप्सूल उच्च वारंवारतेच्या सर्किटमध्ये काम करते, भार सांभाळत बसत नाही, त्यामुळे ओलाव्याचा तिला फारसा त्रास होत नाही. मुंबईच्या जुलैत किंवा कोकणातल्या मे महिन्यात बूम धरलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

नव्या माइकची किंमत तेव्हा ऐंशी हजारांच्या पुढे होती. माझ्याकडे मिक्सप्री रेकॉर्डर होता, कपड्याला लावायचे दोन छोटे माइक, म्हणजे लेपल, होते, बूम माइक मात्र दर वेळी भाड्याने आणत होते. मे महिन्यात एका मराठी सिनेमाचं काम ठरलं होतं, पूर्ण सिंक साउंड, म्हणजे सगळे संवाद शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड करायचे. त्यासाठी स्वतःचा माइक हवा असं डोक्यात बसलं होतं. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली. फोटो चांगले होते. निळ्या फुलांच्या चादरीवर माइक, शेजारी खोका, फोमची टोपी, क्लिप आणि बिल, सगळं नीट मांडलेलं. भाव ५८ हजार. भाव फारच कमी असता तर मी सावध झाले असते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार. जुना फोर-सिक्स्टीन साधारण ज्या भावाला जातो, त्याच्या आसपासच त्याने मागितले होते.

फोनवर माणूस मराठी बोलत होता, अदबीने. पहिल्या फोनवर मॅडम म्हणाला, दुसऱ्या फोनवर ताई. म्हणाला, भाऊ साउंड करायचा, आता लाइन सोडून परदेशी चाललाय, त्याचं सामान मी काढतोय. ओशिवऱ्याला एका इमारतीत फ्लॅट होता, तिथे गेले. चहा झाला. मी रेकॉर्डर आणि हेडफोन दोन्ही नेले होते, त्यामुळे आपण नीट तपासतोय असंच मला वाटत होतं. माइक जोडला, फँटम, म्हणजे माइकला लागणारी वीज, रेकॉर्डरमधून दिला. तो समोर बसून बोलला, मी ऐकलं. आवाज भरीव, स्वच्छ.

इथे मी चुकले. एसी चालू होता, खिडक्या बंद होत्या, बोलणारा हातभर अंतरावर. एवढ्या जवळून बोललं की दोन हजारांचा माइकसुद्धा छान वाटतो. शॉटगन माइकची पारख लांबून होते, बाजूने होते, शांततेत गेन, म्हणजे आवाज वाढवायची पातळी, वर नेऊन होते. शिकवताना मी इतरांना हेच सांगते. त्या दिवशी स्वतः केलं नाही, कारण तो मध्येच म्हणाला, "ताई, संध्याकाळी हैदराबादचा एक जण येतोय, त्याने टोकन पाठवायचं म्हटलंय. पण आपल्या माणसाकडे गेला तर मला बरं वाटेल." मी तिथल्या तिथे १० हजार यूपीआयने पाठवले. खाली उतरून एटीएममधून आणि पर्समधले मिळून ४४ हजार रोख दिले. यूपीआयवर नाव कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं आलं. "मित्राचं आहे, माझी लिमिट संपलीय," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

बिलावर लिहिलेला माइकचा सिरीयल नंबर खोक्यावर होता, खोक्यावरचा माइकवर होता. तिन्ही जुळले की झालं, असं मी धरून चालले.

पुढचे तीन-चार महिने मुलाखती आणि जाहिरातींची कामं झाली, सगळी घरात, एसीत. माइकने कुरकुर केली नाही. थोडी सळसळ जास्त वाटायची, पण जुना नग आहे म्हणून मी सोडून दिलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ शूटिंग लागलं. समुद्र जवळ, रात्रीही अंगाला कपडा चिकटावा अशी हवा. सीन पडवीतला. सिनेमातल्या आजी, रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंधारात बसून मुलाशी बोलतात. चार-साडेचार मिनिटांचा एकच टेक. सुरुवातीला त्या इतक्या हळू बोलत होत्या की जनरेटर आंब्याच्या बागेच्या पार पलीकडे नेऊन ठेवायला लावला होता मी. दोन टेक झाले. तिसऱ्याला त्यांचं काहीतरी वेगळंच लागलं. दीड मिनिट उलटलं असेल आणि हेडफोनमध्ये पहिली तडतड आली. तेलात एकच मोहरी फुटावी तशी. मग दुसरी. मग एका वाक्याखाली सलग चुरचुर, ओल्या लाकडाला विस्तव लागल्यासारखी. आजी थांबल्या नाहीत, त्यांना थांबवायचं धाडस मलाही झालं नाही. टेक संपला तेव्हा दिग्दर्शकाचे डोळे भरले होते. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "साउंड?" मी मान खाली घातली.

लेपल होता. पण जिथे त्यांचा आवाज फुटला तिथेच त्यांनी हात छातीशी नेला होता, आणि लुगड्याची घसट नेमकी त्या चार शब्दांवर आली.

केबल बदलली. चॅनल बदलला. बूमची आतली वायर टाळून बाहेरून थेट केबल ओढली. अर्ध्या तासाने आणखी एक टेक घेतला, पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शकाने पॅकअप केलं. सकाळी खोलीत माइक लावला तर आवाज अगदी स्वच्छ. मला वाटलं केबलच होती. दापोलीहून नवी मागवली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच भरवशावर उभी राहिले. ती रात्रही गेली. तेव्हा माझा बूममन, वीस वर्षं हेच काम करणारा, माइक हातात फिरवत म्हणाला, "ताई, फोर-सिक्स्टीन असा रडत नाही. मी पावसात धरलाय." मला एकदम पोटात कालवल्यासारखं झालं.

उरलेले दिवस रत्नागिरीच्या एका ओळखीच्या माणसाकडून दुसरा माइक आणून काढले. मुंबईत परतल्यावर मित्राच्या अस्सल माइकशेजारी माझा ठेवला. लांबी, जाडी सारखी. सोनाराच्या दुकानातल्या काट्यावर ठेवले तर माझा चांगला ३० ग्रॅमने हलका. मग एका खोलीत पंखा बंद करून दोन्ही एकाच स्टँडवर बांधले, दोन चॅनलवर घेतले, गेन वर नेला. माझ्या माइकची सळसळ आधी ऐकू आली. मित्राने किल्ल्यांचा जुडगा वाजवत माइकभोवती गोल फेरी मारली. अस्सल माइकमध्ये किल्ल्या बाजूला जाताच दबल्या, माझ्या माइकमध्ये बाजूनेही खणखणत राहिल्या. पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने तो उघडला. आत शेंगदाण्याएवढी साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल आणि बोटाच्या पेराएवढं सर्किट. बाकी नळी पोकळ.

मी सगळे फोटो आमच्या रेकॉर्डिस्ट लोकांच्या ग्रुपवर टाकले. त्याच रात्री पुण्याच्या एका मुलाचा मेसेज आला, "मॅडम, तुमच्या माइकवरचा नंबर माझ्याही माइकवर आहे." मला वाटलं, शेवटचे दोन आकडे सारखे असतील. तो रविवारी माइक घेऊन आला. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत नंबर तोच. इतकंच काय, जर्मनी या शब्दातल्या एका अक्षराचा पाय दोन्हींवर सारखाच तुटलेला. एकाच साच्यातून छापलेला माल. नंबर जुळवून बघणारा गिऱ्हाईक कुठे समाधान मानेल, याचा विचार कारखान्यातच झाला होता. त्या मुलाने वडिलांकडून पैसे घेऊन तो घेतला होता, ४९ हजारांना. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

बिल मग नीट पाहिलं. दुकानाचा पत्ता मुंबईचा, आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ हा दिल्लीचा कोड आहे, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून नाव बघता येतं, दोन मिनिटांचं काम. तिथे भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे मी त्या फ्लॅटमध्ये चहा पिताना, मोबाइलवर करू शकले असते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "माइक चालतो ना? मग फसवणूक कसली?" मी सांगितलं, सोनं म्हणून पितळेची बांगडी विकली तर ती हातात बसतेच की. तरी त्या दिवशी नुसता अर्ज घेतला. दुसऱ्यांदा त्या पुण्याच्या मुलाला सोबत नेलं, दोन माइक टेबलावर ठेवले, तेव्हा मात्र साहेबांनी चष्मा काढून नंबर वाचले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आलेल्या कलमाखाली, तक्रार लिहून घेतली. रोख दिलेल्या ४४ हजारांचा माझ्याकडे कागद नाही. यूपीआयच्या १० हजारांची नोंद आहे. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच कळलं तर १९३० वर ताबडतोब फोन करावा, उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात. मला चार महिन्यांनी कळलं. तो फ्लॅट दिवसाच्या भाड्याने घेतलेला होता, हेही तेव्हाच समजलं.

आता मी जुना नग बघायला एकटी जात नाही. अस्सल माइक असलेल्या कुणाला तरी सोबत नेते, दोन्ही एकदम लावते, एसी बंद करायला लावते आणि दहा फुटांवरून बोलायला सांगते. किल्ल्यांची फेरी मारते. जागा मी ठरवते, शक्यतो ओळखीचा स्टुडिओ. नंबराचा फोटो आधी मागवून अधिकृत विक्रेत्याकडे विचारते, आणि ग्रुपवरही टाकते, कारण आमचे दोन माइक तिथेच एकमेकांना सापडले. पैसे फक्त विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, आणि सोबत त्याच्या सहीचा साधा कागद, ज्यावर माइकचा नंबर आणि "अस्सल नसल्यास पैसे परत" एवढं लिहिलेलं असतं. खरा मालक याला कधी नाराज होत नाही. मध्यंतरी एका ज्येष्ठ रेकॉर्डिस्टकडून त्यांचा पंधरा वर्षं वापरलेला माइक घेतला, तेव्हा त्यांनीच म्हटलं, "घरी ने, आठवडाभर वापर, मग पैसे दे." त्या माइकचा रंग जागोजागी उडालाय. त्याच्या नळीवर हात ठेवला की अजून मला बरं वाटतं.

आजींचं डबिंग सप्टेंबरमध्ये गोरेगावच्या स्टुडिओत झालं. खर्च मी माझ्या मानधनातून दिला, निर्मात्याने मागितला नव्हता तरी. त्या दोन तास उभं राहून प्रामाणिकपणे बोलल्या, ओठ जुळले, शब्द न् शब्द जुळला. हेडफोन काढताना मला म्हणाल्या, "बाळ, त्या रात्री जे आलं होतं ते आता माझ्याकडे नाही गं." सिनेमात तोच डब केलेला आवाज आहे. मूळ टेक मी जपून ठेवलाय. चुरचुर काढायचे सगळे प्रयत्न करून पाहिले. ती निघते तेव्हा त्यांचा श्वासही निघून जातो.

गेल्या आठवड्यात त्या पुण्याच्या मुलाने मला एक जाहिरात पाठवली. फोर-सिक्स्टीन, बिल-खोक्यासकट, भाव ५६ हजार, गाव नाशिक, फोन नंबर वेगळा. आम्ही ती पोलिसांकडे दिली आहे, पण साइटवर अजून आहे. फोटोत माइकखाली तीच निळ्या फुलांची चादर आहे, आणि उजव्या कोपऱ्यात तिला इस्त्रीचा तपकिरी डाग आहे. तो दिसला तर फोन करू नका.