घरातल्या कुंड्यांना आपोआप पाणी: काचेचा गोळा, वात, टाकीची कुंडी की पंप?

आधी एक ठरवा. गावाला गेल्यावर झाडं जगावीत एवढंच हवं आहे, की रोज पाणी घालण्याची कटकटच नको आहे? या दोन गरजांची साधनं वेगळी आहेत.

दुकानात पटकन डोळ्यांत भरतो तो काचेचा गोळा. पाण्याने भरायचा आणि उलटा करून त्याची मान मातीत खुपसायची. माती सुकली की मानेतून हवा आत शिरते आणि तेवढं पाणी बाहेर पडतं, असा हिशोब. प्रत्यक्षात माती भुसभुशीत असेल तर गोळा एका दिवसातही रिकामा होतो, चिकट असेल तर मानेत चिखलाचं बूच बसतं. दिसायला छान, पण भरवशाचा नाही. त्यापेक्षा भाजक्या मातीचा पोकळ खुंटा आणि त्यावर उलटी बाटली बरी. त्याच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, भोवतालची माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी. क्षारांनी छिद्रं बुजली की व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून घासायचा.

सुट्टीपुरतं बघायचं तर माझं मत वातीला. दिव्यात तेल चढतं तसं दोरीतून पाणी चढतं. मात्र सुती दोरी ओल्या मातीत कुजते, म्हणून नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची, वेणीसारखी विणलेली दोरी घ्या. ती आधी चिंब भिजवा. एक टोक पेन्सिलीने मुळांजवळ चार-पाच सेंटीमीटर खोल ढकला, दुसरं शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याच्या तळाशी टेकलेलं राहू द्या. कुंडीलाही वरून नीट पाणी घाला, कारण खडखडीत वाळलेल्या मातीत वातीचं पाणी पसरत नाही. भांडं कुंडीपेक्षा खाली हवं. वर ठेवलंत तर सायफनसारखं सगळं पाणी कुंडीत उतरेल. आणि भांड्यावर झाकण हवंच, नाहीतर डास पोसाल.

कायमची सोय हवी असेल तर तळाशी टाकी असलेली कुंडी. घेताना जादा पाणी बाहेर जाण्याचं भोक आणि पातळी दाखवणारा तरंगता काटा आहे का, ते बघा. बागेतली जड माती यात नको. ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (खनिजाचे पांढरे, हलके दाणे) यांचं हलकं मिश्रण भरा. नवीन लावलेल्या झाडाची मुळं खाली पोहोचेपर्यंत काही आठवडे पाणी वरूनच घालावं लागतं, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. पाणी सतत खालून वर येत असल्याने खतातले क्षार मातीच्या वरच्या थरात साचतात. पांढरी पापडी दिसली की टाकी रिकामी करून वरून भरपूर पाणी ओता आणि ते निथळू द्या.

टायमरचा पंप, म्हणजे ठरल्या वेळी नळ्यांतून कुंड्यांत पाणी सोडणारा, कुंड्या बऱ्याच असतील तरच. नळी निसटली तर पाणी जमिनीवर, सेल संपले तर झाडं कोरडी. निघायच्या आठवडाभर आधी लावून बघा.

पीस लिली, फर्न, आफ्रिकन व्हायोलेट यांना वात किंवा टाकी मानवते. स्नेक प्लांट, झीझी, निवडुंग आणि सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) यांच्यासाठी मात्र यातलं काहीच घेऊ नका. निघताना एकदा पाणी घाला आणि खुशाल जा.