गुलमर्गची बॅककंट्री स्की-टूर: पुण्यातील एका आयोजकाच्या सेवेचा अनुभव

यंदाच्या फेब्रुवारीत मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यातील एका साहस-पर्यटन आयोजकाबरोबर गुलमर्गला सहा दिवसांच्या बॅककंट्री स्की-टूरला जाऊन आलो. आयोजकाचे नाव मी येथे देत नाही. ज्या त्रुटी जाणवल्या त्या त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्या दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळायला हवी, असे मला वाटते. विमानभाडे सोडून माणशी ६८,००० रुपये घेण्यात आले. त्यात श्रीनगरपासूनचा प्रवास, राहणे, जेवण, दोन गाइड, गंडोलाची (केबल कारची) तिकिटे आणि हिमस्खलनाच्या वेळी लागणारी बचावाची उपकरणे यांचा समावेश होता. स्की आणि बुटांचे भाडे वेगळे होते. आम्ही नऊ जण होतो, बहुतेक कोथरूड, औंध आणि पिंपरीचे, आणि प्रत्येकाने औली किंवा गुलमर्ग येथे किमान एक प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेला होता.

प्राथमिक अभ्यासक्रमात आपण शिकतो ते यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर. बॅककंट्रीमध्ये तसा उतार नसतो, कोणी गस्त घालत नाही आणि वर नेणारी दोरी किंवा पाळणाही नसतो. स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवायची, तिचे केस एकाच दिशेने घसरू देतात म्हणून तिच्या आधाराने चढत जायचे, माथ्यावर पट्टी काढून ठेवायची आणि कोणी न तुडवलेल्या बर्फातून उतरायचे. हा आनंद मोठा आहे आणि तो मिळावा म्हणूनच आम्ही गेलो होतो. मात्र त्या उताराखालचा बर्फ कसा साचला आहे, हे ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर हाच उतार जीव घेऊ शकतो. म्हणून या सेवेचे मूल्यमापन करताना मी हॉटेल आणि जेवणापेक्षा गाइडच्या निर्णयांना अधिक महत्त्व दिले आहे.

पुण्यातील पूर्वतयारीबद्दल मी समाधानी आहे. दीड महिना आधीपासून दर शनिवारी पहाटे पाठीवर दहा किलो वजन घेऊन आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा, असा दंडक होता आणि तो कसोशीने पाळून घेतला गेला. एका रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर ट्रान्सीव्हरचा सराव झाला. ट्रान्सीव्हर हे छातीशी बांधायचे छोटे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवत असते. कोणी बर्फाखाली गाडले गेले की बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधाच्या स्थितीत आणून त्या संकेताच्या मागाने जायचे, मग प्रोब म्हणजे लांब घडीची कांडी खुपसून नेमकी जागा ठरवायची आणि फावड्याने खणायचे. वाळलेल्या गवतात लपवलेल्या पिशव्या शोधताना सुरुवातीला आम्हाला नऊ-नऊ मिनिटे लागली. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच त्याच्या वाचण्याची शक्यता चांगली असते आणि पुढे ती झपाट्याने घटते, त्यामुळे शोधण्यात नऊ मिनिटे गेली तर खणण्यासाठी काय उरते, हे तेथे कोणी वेगळे सांगण्याची गरज पडली नाही. मोबाइल फोन ट्रान्सीव्हरपासून नेहमी किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवायचा, हा नियमही तेथेच अंगवळणी पडला. असा सराव पुण्याच्या टेकडीवर होऊ शकतो, हे मला आधी ठाऊक नव्हते, आणि बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक गटाने तो करायलाच हवा.

आता बर्फाविषयी. काश्मीरमधील हिवाळ्यातील हिमवृष्टी पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या हवामान प्रणालींवर, अवलंबून असते आणि ते वेळेवर येतीलच असे नाही. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा कडाक्याच्या थंडीचा काळ. तरीही २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे जवळजवळ उघडी होती. २०२५ मध्येही बर्फ कमी पडल्याने तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. आम्ही पोहोचलो तेव्हाही आधीचे दोन आठवडे कोरडे गेलेले होते. अपुरा बर्फ म्हणजे कमी धोका, असा आमच्यातील बऱ्याच जणांचा समज होता. प्रत्यक्षात बर्फाचा थर पातळ असला आणि वर कडक थंडी असली की जमिनीलगतच्या तुलनेने उबदार भागातून वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न धरणारे, जाड साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नंतर भरपूर बर्फ पडला आणि वाऱ्याने तो दाबून बसवला, की वरची जड लादी त्या सुट्या कणांवर नुसती टेकलेली राहते. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग परिसरातील हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. आमच्या बाबतीतही दुसऱ्या रात्रीपासून हिमवृष्टी सुरू झाली, तिसरा दिवस वाऱ्यामुळे गंडोला बंद राहून खोलीत गेला आणि चौथ्या दिवशी आकाश निळेशार उघडले.

त्या चौथ्या दिवसासाठीच आम्ही सारे आलो होतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदुरीला आणि दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तेथून गस्तीच्या हद्दीबाहेर पडून, स्किन लावून एक धार चढायची आणि पलीकडच्या मोठ्या उतारावरून खाली यायचे, असा बेत होता. सकाळी आमच्या पुण्याच्या प्रमुखांनी दोन गोष्टी वाचून दाखवल्या: डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आणि गुलमर्गच्या गस्ती पथकाने लावलेली सूचना. त्यांनी हेही सांगितले की पहिला इशारा संपूर्ण बारामुल्ला जिल्ह्यातील ठरावीक उंचीवरच्या भागासाठी असतो, तो आपल्या समोरच्या एका उताराबद्दल काही सांगत नाही. तो उतार आपणच तपासायचा असतो. लोकांना घेऊन जाणाऱ्या व्यक्तीला हा फरक कळतो, हे पाहून मला फार धीर आला.

धारेच्या खाली, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहान, निर्धोक जागी स्थानिक गाइडने खड्डा खणला. तीस सेंटिमीटर लांब-रुंद स्तंभ मोकळा करून त्यावर फावडे ठेवले आणि आतला थर किती सहज खचतो हे पाहण्यासाठी टकटक सुरू केली: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. बाराव्या टकटकीला नव्या बर्फाखालचा थर एकदम खचला आणि वरची लादी टेबलाच्या खणासारखी पुढे सरकून आली. त्याने खालचे कण हातमोज्यावर घेऊन आम्हा प्रत्येकाला दाखवले. ते मुठीत दाबूनही एकत्र येत नव्हते. थोडे पुढे सपाटीवरून जाताना पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि स्कीच्या टोकापासून एक भेग सरळ पळत गेली. उताराचा कोन मोजला तर ३४ अंश भरला, आणि लादीच्या स्वरूपातील बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. दोन्ही गाइड बाजूला जाऊन मिनिटभर बोलले आणि प्रमुखांनी आम्हाला मागे फिरायला सांगितले.

येथे जे घडले ते मी जसेच्या तसे नोंदवते, कारण या सेवेची खरी परीक्षा तेथे झाली. गटातील दोघांनी उघड नाराजी व्यक्त केली. समोरच्या त्याच उतारावर दुसऱ्या कोणत्या तरी गटाच्या चार ताज्या रेषा दिसत होत्या आणि ऊन स्वच्छ होते. एक जण म्हणाला, “सर, ते चौघे गेलेच ना? आम्ही एवढे पैसे भरले आहेत, निदान एकेक करून तरी जाऊ द्या.” प्रमुखांनी आवाज न चढवता उत्तर दिले, “दादा, चौघे सुखरूप उतरले याचा अर्थ पाचवा उतरेल असा होत नाही. लादी जिथे पातळ आहे तिथे वजन पडले की ती सुटते, आणि ती जागा वरून दिसत नाही. तुमचे पैसे मी परत देऊ शकतो.” यानंतर त्यांनी चर्चा वाढवू दिली नाही, कोणाला कमीही लेखले नाही. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ असलेले काका पहिल्यांदा वळले आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे वळलो. माझा भाऊ त्या वेळी खट्टू झाला होता, हे खरे आहे, पण परतीच्या विमानात तो स्वतःहून म्हणाला, “ताई, पुन्हा यायचे तर याच माणसाबरोबर यायचे.”

पाचव्या दिवशी त्यांनी बाबारेशीच्या बाजूचे जंगल निवडले. दाट झाडीतील, कमी कोनाचा, वर कोणताही मोठा उघडा उतार टांगलेला नाही असा तो भाग होता. देवदारांमधून गुडघाभर मऊ बर्फात उतरताना मिळालेला आनंद मला कोणत्याही माथ्यापेक्षा कमी वाटला नाही. पर्यायी बेत असा आधीपासून तयार असणे ही आयोजकाची मोठी जमेची बाजू आहे.

तक्रारी मात्र गंभीर आहेत. पहिली गाइडच्या संख्येबद्दल. कोणाला किती येते, हे आयोजकाने पुण्यात केवळ अर्जावरून ठरवले. दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावर चाचणी घेतली तेव्हा दोघांना खोल बर्फात वळता येत नाही, हे उघड झाले आणि चौथ्या दिवशी परतताना त्यांच्यासाठी एक गाइड पूर्ण वेळ गुंतला. उरलेल्या सात जणांबरोबर एकच गाइड राहिला. अपघात झाला असता तर ही व्यवस्था पुरी पडली नसती. नऊ जणांसाठी तीन गाइड हवेत किंवा गट सहाचा हवा, आणि त्यासाठी दहा-बारा हजार जास्त पडले तरी ते मी आनंदाने देईन.

दुसरी तक्रार उपकरणांची. वाटलेल्या ट्रान्सीव्हरपैकी दोघांची बॅटरी निम्म्यावर आलेली होती. सकाळच्या तपासणीत ते लक्षात आले आणि लगेच बदलून मिळाले, परंतु अशा वस्तूत नव्या बॅटऱ्या पुण्याहून निघतानाच असायला हव्यात. विम्याबद्दलही आधी स्पष्ट सांगितले गेले नाही. माझ्या नेहमीच्या प्रवास विम्यात गस्तीच्या हद्दीबाहेरचे स्कीइंग वगळलेले होते आणि ते मला निघण्याच्या चार दिवस आधी, स्वतः अटी वाचताना कळले.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सदाशिव पेठेत झालेल्या माहिती-सभेत पडद्यावर दिसली ती सगळी निळ्या आकाशाखालची, उभ्या उतारांची छायाचित्रे. माहितीपत्रकात तर ‘अफरवतवरून हमखास उतरण’ असे छापलेले होते. जो आयोजक डोंगरावर इतक्या ठामपणे मागे फिरतो, त्याने ‘हमखास’ हा शब्द कागदावर छापू नये. त्या शब्दामुळेच चौथ्या दिवशी दोघांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि गाइडवर नको तो दबाव आला. बर्फ पुरेसा नसेल किंवा धोकादायक असेल तर कोणते दिवस कसे बदलतील आणि किती पैसे परत मिळतील, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून द्यायला हवे. आम्हाला न झालेल्या बेताबद्दल माणशी ४,००० रुपये परत मिळाले, पण ते प्रमुखांच्या शब्दावर. पावतीवर तशी कोणतीही अट नव्हती.

राहण्या-जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. खोल्या स्वच्छ होत्या, बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) रात्री दहानंतर विझत असे, जेवण साधे आणि गरम होते. प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेड घेऊन जावे. बर्फ पडल्यावर पायथ्याच्या तंगमर्गपासून वर साखळ्या लावलेली गाडीच लागते आणि तिचे भाडे पॅकेजमध्ये धरलेले होते.

ज्यांना खोल बर्फात न थांबता दहा-बारा वळणे घेता येतात आणि हजार मीटरची चढण दमछाक न होता पार करता येते, त्यांनी या आयोजकाबरोबर जावे. ज्यांचा केवळ प्राथमिक अभ्यासक्रम झाला आहे त्यांनी आणखी एक हिवाळा सपाट केलेल्या उतारावर काढावा. परतल्यावर दोन आठवड्यांनी आयोजकाच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी वरील तिन्ही गोष्टी सांगितल्या. पुढच्या वर्षाचे माहितीपत्रक छापण्यापूर्वी ते मला वाचायला पाठवणार आहेत. आम्हा दोघांची नावे मी फेब्रुवारीच्या गटासाठी नोंदवली आहेत. आगाऊ रक्कम मात्र परताव्याची अट पावतीवर आल्यावरच भरणार आहे.