डॅलसला फुटबॉल बघायचाय: थँक्सगिव्हिंगचा सामना की टेक्सास–ओक्लाहोमा?

आई-बाबा भारतातून आलेत, मुलं मागे लागलीत, आणि अमेरिकन फुटबॉलचा एक तरी मोठा सामना स्टेडियममध्ये बसून बघायचाय. डॅलसजवळ राहणाऱ्यांना निवड मुख्यतः दोन सामन्यांतून करावी लागते. मी दोन्ही बघितलेत.

पहिला सामना डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) दुपारी, आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये. काउबॉइज १९६६ पासून या दिवशी खेळतात, मधली फक्त दोन वर्षं सुटली. २००९ मध्ये उघडलेल्या या स्टेडियममध्ये ८० हजार खुर्च्या आहेत आणि छप्पर बंद करता येतं, त्यामुळे बाहेर कितीही गारठा असला तरी आत आरामात बसता येतं. मैदानावर मधोमध सुमारे १६० फूट लांब आणि ७२ फूट उंच पडदा टांगलाय. तो इतका खाली आहे की पहिल्याच वर्षी एका सराव सामन्यात उंच मारलेला चेंडू त्यावर आदळला होता. ज्याला खेळाचे नियम ठाऊक नाहीत त्याला हा पडदा म्हणजे मोठा आधार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं सांगून ठेवा. बाकी रिप्ले बघून आपोआप कळत जातं. माझ्या बाबांना दुसऱ्या क्वार्टरपर्यंत सगळं उमजलं होतं. एक मात्र खरं, की डोळे मैदानापेक्षा पडद्यावरच जास्त राहतात.

सामना साधारण साडेतीनला सुरू होतो आणि त्या वेळी पश्चिमेच्या काचांतून ऊन थेट मैदानावर येतं. २०२४ च्या नोव्हेंबरात काउबॉइजचा खेळाडू सीडी लॅम्ब याला या उन्हामुळेच चेंडू दिसला नाही आणि हातचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण) गेला. तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून बसावं लागेल अशी जागा टाळा. स्टेडियमपर्यंत रेल्वे नाही. गाडीनेच जायचं, पार्किंग आधी घेऊन ठेवायचं आणि परतताना तास-दीड तास धरून चालायचं.

दुसरा सामना टेक्सास आणि ओक्लाहोमा विद्यापीठांचा. डॅलसच्या फेअर पार्कमधल्या जुन्या कॉटन बोल स्टेडियममध्ये, ऑक्टोबरात, स्टेट फेअरची जत्रा भरलेली असताना. १९२९ पासून दरवर्षी डॅलसलाच होतो. इथे छप्पर नाही, आरामही नाही. बाक आणि ऊन. पण पन्नास यार्डाच्या रेषेवर अख्खं स्टेडियम दुभंगलेलं असतं: अर्ध्यात गडद नारिंगी, अर्ध्यात किरमिजी. एका बाजूने जल्लोष उठतो तेव्हा दुसरी बाजू एकदम गप्प. टेक्सासचा लांब शिंगांचा बैल, बेव्हो, मैदानाच्या कडेला उभा असतो. ओक्लाहोमाने गुण मिळवले की घोडागाडी मैदानात धावते. दोन्ही विद्यापीठांचे बँड समोरासमोर वाजत असतात. नव्वद हजारांच्या घरातली ती गर्दी, तिचा आवाज छातीत जाणवतो.

सामन्याच्या तिकिटातच जत्रेचा प्रवेश येतो. त्यामुळे सकाळी लवकर जा, ५५ फुटी बिग टेक्सच्या पुतळ्यापाशी फोटो काढा, भाजलेलं कणीस खा आणि मग आत शिरा. रिचर्डसनहून शहरी रेल्वेची रेड लाइन, डाउनटाउनला बदलून ग्रीन लाइन. फेअर पार्क स्टेशन दारातच आहे. तिकीट मिळणं हीच खरी अडचण. बहुतेक तिकिटं दोन्ही विद्यापीठांमार्फत जातात, उरलेल्यांना पुनर्विक्रीत भरमसाट भाव असतो. घरातलं कोणी ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकत असेल, तर त्याला वेळेत सांगून ठेवा.

‘कॉटन बोल क्लासिक’ नावाचा सामना मात्र २०१० पासून आर्लिंग्टनला होतो, जुन्या कॉटन बोलमध्ये नाही. नावामुळे घोटाळा होतो, म्हणून तिकिटावरचं ठिकाण नीट वाचा. सध्या तो कॉलेज प्लेऑफचा (विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा) भाग आहे, त्यामुळे कोण खेळणार हे डिसेंबरपर्यंत कळत नाही. आधीपासून बेत आखणाऱ्यांना तो सोयीचा नाही.

सत्तरीचे आई-बाबा किंवा लहान बाळ बरोबर असेल, तर बिनदिक्कत थँक्सगिव्हिंग घ्या. पाय धड असतील, ऊन सोसत असेल आणि तिकीट आवाक्यात आलं, तर माझं मत टेक्सास–ओक्लाहोमाला. जागा पन्नास यार्डाच्या रेषेजवळची शोधा, वरच्या रांगेत मिळाली तरी चालेल. दोन रंग जिथे एकमेकांना भिडतात, ती रेघ तिथूनच दिसते.