मिठाच्या रस्त्यांवर लॅनोलिनचा थर: सात महिन्यांनंतर

गंज लागू नये म्हणून ऑक्टोबरात माझ्या फोर बाय फोरला खालून लॅनोलिनचा फवारा मारला होता. एप्रिल संपला, तेव्हा तो कसा टिकला ते लिहितो. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. या शहराच्या खालीच, सुमारे ३५० मीटर खोल, मिठाची खाण आहे आणि हिवाळाभर रस्ते बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने पांढरे असतात. त्यात मी गाडी होली ओक्स या ऑफ-रोड पार्कच्या चिखलात घालतो. चासीच्या पोकळीत बसलेला चिखल मिठाचं पाणी शोषून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. लोखंड खरं खातो तो हा चिखल.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ. तो सुकून कडक होत नाही, त्यामुळे तडकतही नाही. पहिले दहा दिवस गॅरेजमध्ये ओल्या घोंगडीचा वास होता, मग गेला. कॉम्प्रेसर घरचाच. लांब नळी चासीच्या भोकांतून आत घालून एक गॅलन पुरवलं. ब्रेकच्या डिस्क आणि सायलेन्सर आधी झाकून घ्या. रबरी बुशही झाका, नैसर्गिक रबर याने फुगू शकतं.

मार्चमध्ये खालचे बोल्ट साध्या पान्याने सुटले, यातच मला पैसे वसूल झाले. ॲक्सलही स्वच्छ आहे. चाकांच्या मागे मात्र, जिथे टायर खडी फेकतो, तिथला थर जानेवारीतच उडाला होता. तेवढा पुन्हा मारला.

चूक झाली ती मागच्या स्किड प्लेटपाशी, म्हणजे गाडीच्या पोटाला दगडांपासून वाचवणाऱ्या पत्र्यापाशी. प्लेट न काढता वरवर धुतलं आणि फवारा मारला. मार्चमध्ये ती उतरवली तर आत ओला चिखल आणि त्याखाली गंजाचे पापुद्रे. तारेच्या ब्रशने खरवडताना फार वाईट वाटलं. मी थर लोखंडावर दिलाच नव्हता, चिखलावर दिला होता. म्हणून आधी प्लेट काढा, धुवा, दोन दिवस पूर्ण सुकू द्या, मगच फवारा.

हिवाळ्यात धुण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. ते हवेतली ओल खेचतं आणि गाडीखाली सुकतच नाही. कडक थंडीत गंज मंद चालतो, ऊब मिळाली की धावतो. त्यामुळे मिठाने माखलेली गाडी रोज गरम गॅरेजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. पहिले दोन महिने मी नेमकं तेच केलं. आता पारा शून्याच्या वर गेलेली दुपार गाठतो आणि खालून भरपूर साधं पाणी मारतो. प्रेशरची नळी फार जवळ नेली किंवा गरम साबणपाणी वापरलं तर थर निघतो.

धुतल्यावर दारांचे रबर पुसून सिलिकॉन ग्रीस लावतो, नाहीतर सकाळी दार चिकटलेलं असतं. मग ब्रेक हलके दाबत दहा मिनिटं गाडी फिरवून आणतो. सपाट जागी गिअरमध्ये लावतो, हँडब्रेक ओढत नाही, कारण ओले ब्रेक शू रात्रीत गोठून धरतात.

स्किड प्लेट परत बसवण्याआधी तिला पाण्याची नळी आत जाईल एवढी दोन भोकं पाडली, कडांना रंग दिला. येत्या ऑक्टोबरात पहिला फवारा तिथूनच आत जाईल.