बचत गटाची जवसाची चटणी
यवतमाळकडच्या आठवडी बाजारात एका महिला बचत गटाकडून घेतलेली ही चटणी चवीला उत्तम आहे. जवस मंद आचेवर भाजून जाडसर कुटल्याने, वरून तेल घालून ज्वारीच्या भाकरीसोबत खाताना तो दाताखाली येतो. जवसाच्या सालीतील चिकट, विरघळणारा तंतू (फायबर) पाण्याने फुगतो, त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तो आंबवून जी ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट यांसारखी लहान मेदाम्ले (फॅटी ॲसिड) तयार करतात, ती आतड्याच्या पेशींना जीएलपी-१ व पीवायवाय ही भूक आवरणारी संप्रेरके सोडण्यास उद्युक्त करतात. पाकिटावरचा ‘वजन हमखास घटते’ हा दावा मात्र अतिशयोक्तीचा वाटतो, कारण चमचाभर चटणीतून मिळणारा तंतू तो किती असणार! मीठही जरा जास्तच. कुटलेला जवस लवकर खवट होतो, तेव्हा कुटल्याची तारीख छापायलाच हवी होती.